जुनी जिप्सी किंग कामाला लावायची? इंजिनाआधी चेसिस आणि नकल बघा

मारुती जिप्सी किंग, सॉफ्ट टॉप (कापडी छपराची), एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन), म्हणजे २००० सालापासूनची. शेत, बाग, रिसॉर्ट, जंगलातला कच्चा रस्ता अशा ठिकाणी रोज राबणारी फोर बाय फोर म्हणून ती पुन्हा उभी करण्यात अर्थ आहे का? आहे. अट दोनच गोष्टींची: चेसिस सडलेली नसावी, आणि मालकाने तिच्याकडून टनभर मालाची अपेक्षा ठेवू नये.

जिप्सी कागदोपत्री पिकअप नाही. पण मागची समोरासमोरची बाकं काढली, फाळका उघडला आणि खाली चेकर्ड प्लेट टाकली की ती छोटी पिकअपच होते. भरून एकूण वजनाची मर्यादा १५८५ किलो, गाडीचं स्वतःचं वजन हजाराच्या आसपास. पुढे दोघं बसले की मागे साडेचारशे किलो उरतात. डीएपीच्या पन्नास किलोच्या आठ गोण्या, वर थोडी अवजारं, बस. ‘चौदा गोण्या नेतो की’ असं सांगणारे भेटतात, आणि मग त्यांच्याच गाडीचे मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) उलटे वाकलेले दिसतात. रोजचा भार याहून जास्त असेल तर बोलेरो पिकअप घ्या, जिप्सीला छळू नका.

गाडी १९८५ मध्ये आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ मध्ये किंगला १.३ लिटर मिळालं आणि २००० मध्ये त्याचंच सोळा व्हॉल्व्हचं, ८० अश्वशक्तीचं एमपीएफआय रूप आलं. कामासाठी हेच शेवटचं घ्यावं. चढावर दम टिकतो, आणि एस्टीमच्या इंजिनाशी नातं असल्याने पार्ट्ससाठी वणवण होत नाही. मायलेजचं मात्र कौतुक नको. लिटरला दहा-बारा किलोमीटर धरून चाला, फोर बाय फोरच्या लो गिअरमध्ये काम असेल तर त्याहून कमी.

आता चेसिस. बहुतेक लोक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसतात. ते नंतर. आधी गोल डोक्याची छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरा. पाट्यांचे हँगर, शॅकलची (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी कडी) जागा, सगळ्यात मागची आडवी पट्टी आणि बॉडीचे रबर माउंट जिथे बसतात ते कान, एवढं ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. ‘भद्द’ आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर तिथला पत्रा आतून गेला आहे. चेसिस डब्यासारखी बंद असल्याने चिखल आत साठतो आणि बाहेर ताजा काळा रंग चकाकत असताना आतून सडत राहतो. कोकण-गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या गाडीत हे हमखास बघावं. विदर्भातली गाडी रंगाने उन्हात विटलेली असते, पण सांगाडा बहुधा निरोगी निघतो, आणि रंगापेक्षा सांगाडा महाग. सडलेल्या जागेवर नुसती पट्टी चढवून वेल्डिंग मारणं म्हणजे भोकावर तिकीट चिकटवणं. कुजका भाग कापून, चांगला पत्रा लागेपर्यंत मागे जाऊन, त्याच जाडीचा तुकडा बसवावा लागतो. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि ईसीएमचा (इंजिनाच्या संगणकाचा) कप्लर काढायला विसरू नका. काम झाल्यावर आतून मेण किंवा गंजरोधक तेल फवारा आणि पाणी निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा.

पाट्यांचे बुश, शॅकल पिन आणि यू बोल्ट सरसकट नवे घ्या, ही काटकसरीची जागा नव्हे. भारासाठी मागे एक जादा पाटा चालतो. दोन टाकले की रिकामी गाडी खड्ड्यात उड्या मारते आणि मागचं चाक जमीन सोडतं, मग ब्रेक लागणार कुठे?

या गाडीचा खरा आजार पुढच्या नकलमध्ये (स्टिअरिंगबरोबर चाक वळवणारा सांधा) असतो. साठच्या वेगाला खड्डा लागला आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं, की पुष्कळ गॅरेजवाले नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवून मोकळे होतात. थरथर महिनाभर दबते आणि परत येते, कारण मूळ दोष किंगपिनच्या (नकल जिच्यावर वळते ती खुंटी) बेअरिंगमध्ये असतो. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ वाटला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिन, गेला तर चाकाचं बेअरिंग.

काम घाणेरडं आहे, अवघड नाही. चाक काढा. कॅलिपर सोडून तारेने टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका. हब, स्पिंडल आणि मग अ‍ॅक्सल शाफ्ट जॉइंटसकट बाहेर येतो. वरची-खालची किंगपिन काढताना त्यांच्याखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) चिठ्ठी लावून वेगळ्या ठेवा. डावी-उजवी, वर-खाली यांची सरमिसळ झाली की पुढचं मोजमाप फुकट. सगळं डिझेलमध्ये धुवा. बेअरिंग बदलताना बाहेरचा कपही ठोकून काढून नवाच बसवा. जुन्या कपावर रोलरचे वळ उठलेले असतात आणि नवं बेअरिंग त्यावर काही महिन्यांत आटोपतं. अ‍ॅक्सलच्या नळीच्या तोंडाशी आत बसणारं ऑइल सील बदला. हे गळलं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये येतं, ग्रीस पातळ होतं आणि त्याचं काळं पाणी नकलवरून टायरच्या आतल्या बाजूला ओघळतं. जुन्या जिप्सीत जी ‘थोडी ग्रीस येते’ म्हणून सांगतात, ती बहुतेक वेळा ही असते.

सील बसवण्याआधी स्प्रिंगचा ताणकाटा टाय रॉडच्या भोकात अडकवून नकल हळू ओढा. सुटायला १ ते १.८ किलोचा जोर लागला पाहिजे. कमी लागला तर शिम काढा, जास्त लागला तर घाला. ताणकाटा न वापरता ‘हाताने अंदाज’ घेणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नये, एवढं स्पष्ट बोलायला हरकत नाही. मग फेल्ट, रबर आणि लोखंडी पट्टी असा सीलचा संच लावा. नकलच्या गोल भागावर गंजाचे खड्डे असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर ते नवं सील फाडतात. चाक पूर्ण वळवून चालवताना ‘कट-कट’ आवाज येत असेल तर जॉइंट गेला. ग्रीस भरून आवाज दबतो, आजार नाही. मोठे टायर लावण्याची हौस असेल तर लक्षात घ्या, त्यांचा सगळा वाढीव ताण याच जॉइंटवर येतो. कंपनीचा २०५/७० आर १५ कामाला पुरतो.

सील सारखे फुटत असतील तर अ‍ॅक्सलचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी तोटी) बघा. चिखलाने बुजला की आतली हवा तापून तेल सीलबाहेर ढकलते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिन बेपर्यंत वर न्या. ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी तर हे आधी करावं. पाण्यातून आल्यावर डिफरन्शियलचं तेल चहासारखं दिसलं तर त्याच दिवशी बदला.

मागचं अ‍ॅक्सल बेअरिंग शाफ्टवर कडं दाबून बसवलेलं असतं. ते कडं ग्राइंडरने कापून, छिन्नीने फोडूनच निघतं, आणि पुन्हा वापरायचं नसतं. नवं लेथवाल्याकडून प्रेसवर बसवून घ्या. इथलं सील गळलं की तेल थेट मागच्या ब्रेक शूवर. तेल प्यायलेले शू घासून परत वापरू नका.

ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट. ही रचना सोयीची, कारण एकटी केस खाली उतरवता येते. ती तीन रबर माउंटवर टांगलेली असते. माउंट चिरले की क्लच सोडताना ‘धड’ होतं आणि लोमध्ये जोर लावल्यावर लिव्हर आपोआप सुटतो. तिन्ही एकदम बदला. तेल लागतं फक्त ०.८ लिटर, म्हणून बारीक गळतीही काही आठवड्यांत केस कोरडी करते. तिची घरघर मात्र थोडी मूळचीच आहे. हायमध्येही ताकद गिअरमधूनच जाते (१.४०९), सरळ नाही. लो २.२६८, म्हणजे हायच्या सुमारे १.६ पट. आवाज वाढलेला वाटला तरच खोला. आणि कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावू नका. मधलं डिफरन्शियल नसल्याने शाफ्ट पिळतात आणि लिव्हर अडकतो. अडकलाच तर थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो.

बाकीची तेलं: गिअरबॉक्स १.३ लिटर, जीएल-४ (गिअर तेलाचा दर्जा). पुढचं डिफरन्शियल २ लिटर, मागचं १.५ लिटर, जीएल-५. दुकानदार एकच डबा सगळीकडे चालेल म्हणतो. गिअरबॉक्सच्या पितळी रिंगांना ते मानवत नाही.

इंजिनाविषयी फार लिहायचं कारण नाही, ते चिवट आहे. अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने एकदा तापलं की हेड वाकतं, त्यामुळे फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं) करायच्या आधी पट्टी लावून बघा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं घ्या. आपसातला फरक एका किलोच्या आत असेल तर रिंग-पिस्टनच्या भानगडीत पडू नका. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकाच वेळी, कारण पंपासाठी बेल्ट पुन्हा काढावाच लागतो. क्रँक पुलीचा बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. ढिला राहिला तर क्रँकवरची चावी (पुली जागेवर धरणारा लोखंडी तुकडा) खोबण खाते आणि क्रँकच बदलायची वेळ येते. उन्हाळ्यात ‘गरम होऊ नये म्हणून’ थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा. इंजिन थंडच आहे असं समजून ईसीएम पेट्रोल जास्त सोडत राहतो, आणि मालक मायलेजच्या नावाने बोटं मोडतो. रेडिएटर आतून साफ करून घ्या, अर्थिंगच्या पट्ट्या नव्या लावा.

कागदपत्रांचं घोडं मात्र पुष्कळांचं इथे अडतं. मागे पिंजरा, वेगळी बॉडी, खासगीची मालवाहू असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात, आरटीओची परवानगी आधी. बाकं काढून माल नेणं सोपं वाटलं तरी तपासणीत आणि विम्याच्या दाव्यात ते आडवं येऊ शकतं. लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी स्वस्त दिसतात, पण पासिंग नव्याने करावं लागतं. लिलावाचे कागद पूर्ण नसतील तर ती गाडी पार्ट्ससाठीच समजा. पंधरा वर्षं उलटलेली असेल तर फेरनोंदणी आणि हरित कराचा खर्च किमतीतून वजा करूनच बोली लावा.

सगळं जोडून झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर निम्म्या भाराने चालवा. मग यू बोल्ट, चाकाचे नट आणि ट्रान्स्फर केसचे माउंट पुन्हा आवळा, आणि नकलच्या गोळ्यावरून पांढरं फडकं फिरवा. ग्रीसचा पातळ चिकट थर निघाला तर काम जमलं. काळं, वाहतं तेल निघालं तर आतलं सील बसवताना तिरकं ठोकलं गेलंय, ती बाजू पुन्हा खोला.