लाफित की मुतों?

लंडनला असलेल्या माझ्या मावसभावाला लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी एकच भारी वाइनची बाटली घ्यायची आहे. शातो लाफित रोत्शिल्ड की शातो मुतों रोत्शिल्ड, यावर गाडी अडली आहे. दोन्ही द्राक्षमळे फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या पोयाक गावातले, अगदी शेजारी.

इतिहासात लाफितचं पारडं जड. बोर्डोच्या वाइनच्या 1855 च्या वर्गवारीत ते पहिल्या श्रेणीत होतं, मुतों दुसऱ्या. मुतों 1853 मध्येच रोत्शिल्ड या बँकर घराण्याच्या एका शाखेकडे आलं होतं. दुसऱ्या शाखेने लाफित घेतलं ते 1868 मध्ये. मुतोंचे नंतरचे मालक बॅरन फिलिप यांनी मात्र हार मानली नाही. अनेक दशकं खटपट करून त्यांनी 1973 मध्ये मुतोंला पहिली श्रेणी मिळवून दिली. मला ही जिद्द फार भावते.

चवीत फरक स्पष्ट आहे. दोन्हींत काबेर्ने सोविन्यों द्राक्षच मुख्य. पण लाफित संयमी. ग्लास नाकाशी नेला की देवदाराचं लाकूड आणि नुकत्याच टोक केलेल्या पेन्सिलीचा वास येतो. मुतों भरदार, काळ्या मनुकांसारखं गडद, त्यात भाजलेल्या कॉफीची झाक.

खर्च दोन्हीकडे डोळे पांढरे करणारा. लाफित साधारणपणे थोडं महागच. चांगल्या वर्षाची बाटली पंधरा-वीस वर्षं तरी ठेवावी, लाफितला धीर जास्त लागतो.

1945 पासून मुतोंच्या लेबलवर दरवर्षी नवं चित्र असतं. 2009 चं मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांचं आहे.

शांतपणे, घोटाघोटाने पिणाऱ्यांनी लाफित घ्यावं. भावाला बाटली रिकामी झाल्यावरही जपायची आहे, म्हणून त्याला मी मुतों सांगितलं.