मुंबईहून गोव्याला: दाबोळी की मोपा?

गणपतीची चवथ जवळ आली की म्हापशाला आमच्या घरी मुंबईहून हमखास फोन येतो, "तिकीट दाबोळीचं काढू की मोपाचं?" मी उलट विचारतो, "उतरून जायचं कुठे?"

कारण आकाशात गोव्याच्या या दोन विमानतळांत फारसा फरक नाही. सरळ रेषेत मुंबई ते दाबोळी सुमारे 425 किलोमीटर, मोपा त्याहून चाळीसेक किलोमीटर अलीकडे. जेटला हे अंतर तीन-चार मिनिटांचं. वेळापत्रकात दोन्हीकडे सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसतो. त्यात मुंबईच्या धावपट्टीवर नंबर लागेपर्यंतची वाटही धरलेली असते. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. प्रत्यक्ष हवेत तुम्ही तासाभराहून कमीच असता. चहा येईपर्यंत खाली मांडवी दिसायला लागते.

खरा हिशेब रस्त्याचा. मोपा पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेला लागून. हरमल, मोरजी, म्हापसा किंवा बांदा, सावंतवाडी, वेंगुर्ला गाठायचं असेल तर डोळे मिटून मोपा घ्या. मडगाव, कोलवा, काणकोणला जायचं तर दाबोळीच. मोपाहून मडगाव साठ-सत्तर किलोमीटर आहे, म्हणजे विमानात घालवला त्याहून जास्त वेळ टॅक्सीत. पणजीवाल्यांची मात्र पंचाईत. दाबोळी थोडं जवळ आणि नव्या झुआरी पुलामुळे कुठ्ठाळीची जुनी कोंडी सुटलेली, तर मोपाकडून येताना पर्वरीतलं उड्डाणपुलाचं काम आडवं येतं. पणजीसाठी माझं मत दाबोळीला.

मंगेशीला किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेला कुलाचारासाठी येणारेही दाबोळीलाच उतरले तर बरं. घरात म्हातारी माणसं असतील तर नक्कीच.

दाबोळीची एक गोम आहे. ते मुळात नौदलाचं, आयएनएस हंसा या तळाचं. कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले, म्हणून भर सकाळची सोयीची वेळ तिथे कमी सापडते. जानेवारी 2023 पासून प्रवासी विमानं घेणाऱ्या मोपाला ही अडचण नाही. तिकिटात हजार रुपये वाचताहेत म्हणून दूरचा विमानतळ निवडू नका. टॅक्सीवाला ते वसूल करतो, वर घाटासारखी वळणं फुकट. कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी महामंडळाची, बस दोन्हीकडे आहे, पण तिची वेळ आधी बघून ठेवा.

आणि तिकिटावरचा कोड वाचा: दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. आमचे मेहुणे मोपाला उतरले, त्यांना न्यायला सांगितलेली गाडी दाबोळीला उभी. मध्ये साठेक किलोमीटर आणि रात्रीचे अकरा. परतीच्या तिकिटाचा कोडही तेव्हाच बघून घ्या. येताना एक आणि जाताना दुसरा, असं बऱ्याचदा होतं.