बाबांचा जुना ब्रायर, की आपला मक्याचा पाईप?

आपल्याकडे बापासमोर सिगारेट पेटवणं अजूनही अवघड जातं. पाईपचं तसं होत नाही, कारण त्यात निम्मा वेळ हातकामातच जातो आणि बाबांकडे शिकवण्यासारखं काहीतरी असतं. वडील पाईप ओढतात, तुम्ही आधीच सिगारेटवाले आहात आणि आता त्यांच्याबरोबर बसायचंय, तर पुढचं वाचा. अजिबात ओढत नसाल तर यासाठी सुरू करू नका. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत हे खरं, पण निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं, आणि ओठ, जीभ, घसा यांचा कॅन्सर पाईपनेही होतो. नागपूरसारख्या खर्र्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) गावात हे सांगावं लागू नये, पण पाईप सभ्य दिसतो ना, तिथेच माणूस फसतो.

आता निवड. ब्रायर म्हणजे भूमध्य सागराकाठच्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी लाकडी गाठ. टणक, उष्णता सोसणारी. नवा ब्रायर रुळायला वेळ घेतो: वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरतात त्या खळग्याच्या, आत काजळीचा पातळ थर बसेपर्यंत चव कडवट लागते. बाबांच्या पाईपात तो थर कधीच बसलेला असतो, म्हणून तो मागून घ्यायचा मोह होतो. पण एकदा ओढलेल्या ब्रायरला निदान दिवसभर विश्रांती हवी, नाहीतर लाकूड ओलं राहून आंबूस वास धरतं. एक पाईप दोघांत फिरवला तर तो कधी सुकणारच नाही. शिवाय वर्षानुवर्षांच्या तंबाखूचा वास त्यात मुरलेला असतो. तो बाबांना आवडतो, तुम्हाला आवडेलच असं नाही.

कॉर्नकॉब म्हणजे मक्याच्या वाळवलेल्या कणसाचा पाईप. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९ पासून बनतोय. वजनाला हलका, ब्रायरच्या मानाने बराच स्वस्त, आणि पहिल्या दिवसापासून गोड ओढला जातो. एकच सांभाळा: नळीचा लाकडी तुकडा वाटीच्या आतपर्यंत आलेला असतो, जोरजोरात ओढलं की तोच जळतो. नवशिक्याचा हात जडच असतो, त्यामुळे पहिला कॉब जळणार हे गृहीत धरा. त्याचं दुःख होत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

तिसरा पाईप मीरशमचा. तो तुर्कस्तानातल्या एस्कीशेहिरच्या पांढऱ्या, मऊ खनिजातून कोरतात. ओढता ओढता पिवळा, मग मधाच्या रंगाचा होतो. दिसायला देखणा, पण फरशीवर पडला की संपला. आता सोडा, पुढे बाबांच्या वाढदिवसाला बघू.

नागपुरात पाईपापेक्षा तंबाखूचाच प्रश्न मोठा. एप्रिल-मे महिन्यात पारा ४५च्या आसपास आणि हवा कोरडी ठण्ण. उघडी पिशवी लवकरच कुरकुरीत होते. कोरडा तंबाखू भराभर, तापट जळतो आणि जीभ भाजते. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा, कपाटात, अंधारात. पावसाळ्यात उलटं: ओलसर तंबाखूला बुरशी धरते. आणि कूलरच्या झोतात बसून ओढू नका. वाऱ्याने विस्तव फुलतो आणि वाटी हातात धरवत नाही.

भरणं बाबांकडूनच शिका. तीन थरांत: खालचा सैल, मधला जरा दाबून, वरचा घट्ट. भरल्यावर न पेटवता एक झुरका घ्या. स्ट्रॉने पाणी ओढावं इतपतच अडथळा जाणवला पाहिजे. पहिल्या काडीने वरचा तंबाखू फुगून वर येतो, तो दट्ट्याने हलकेच बसवायचा, मग दुसरी काडी. विझला तर विझू द्या. बाबांचाही विझतो.

माझा कौल साफ आहे. तुमच्यासाठी कॉब घ्या, बाबांचा ब्रायर बाबांकडेच राहू द्या. साफसफाई मात्र दोघांनी मिळून करा. वाटीत मीठ भरून, नळीच्या भोकात कापसाचा बोळा घालून वर थोडं शुद्ध अल्कोहोल सोडायचं. सकाळी मीठ तपकिरी झालेलं दिसतं. इतकी वर्षं ही चिकट काळी घाण कुठे होती हे तेव्हा कळतं. हे ब्रायरलाच करा, कॉबला नाही. आणि पाईप गरम असताना नळी उपसू नका, सांध्यात तुटते.

ओढायला घरची गच्ची बरी, तीही घरातलं लहान मूल वर नसताना. फुटाळा तलावावर पाईप घेऊन बसायची हौस असेल तर विसरा. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे.

डॉक्टरांनी बाबांना बंद करायला सांगितलं असेल, तर वरचे तिन्ही पाईप बाद. त्यांच्यासमोर तुम्ही एकट्यानेही पेटवू नका. मग उरतं ते जुने पाईप उजळवणं, आणि त्यात काम भरपूर आहे. काळ्या एबोनाइटच्या (कडक रबराच्या) नळ्या उजेडाने हिरवट-तपकिरी पडलेल्या असतात. त्या ओल्या वॉटर पेपरने, आधी खरखरीत मग बारीक, घासत न्यायच्या; दातांच्या खुणा जातात आणि शेवटी मेण लावून कापडाने चोळलं की मूळचा काळा रंग परत येतो. दोन-चार पाईप असले तर मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडायला नको.