चांगदेवच्या संगमावरची वल्ह्याची होडी

जळगाव जिल्ह्यात तापीवर असलेल्या हतनूर धरणाच्या पाण्यावर पक्षी पाहायला होडी कोणती घ्यावी, असं शाळेतल्या सहकाऱ्यांनी आणि गल्लीतल्या शेजाऱ्यांनी मला इतक्यांदा विचारलं आहे की एकदा नीट लिहूनच टाकते. मी यावल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेली अकरा वर्षं दिवाळी सरली की माझे रविवार तापीकाठी जातात. यंदा जानेवारीत माझ्या वडिलांना, आण्णांना, घेऊन ज्या होडीतून गेले, तिच्याविषयी हे लिहिते आहे.

तापी आणि पूर्णा जिथे मिळतात तिथे, चांगदेवच्या हेमाडपंती मंदिराच्या खालच्या अंगाला ही होडी लागते. नावाडी तिथलाच मासेमारी करणारा माणूस आहे. एका वेळी तिघांपेक्षा जास्त माणसं तो घेत नाही. अडीच तासांचे ८०० रुपये, तेही रोख. आदल्या दिवशी फोन करावा लागतो. मी फोन केला तेव्हा भावाबिवाची गोष्ट निघायच्या आधी त्यानं विचारलं, “सोबत कुणी म्हातारं माणूस आहे का ताई? म्हणजे मी होडी घाटाला लावतो, चिखलातून चालावं लागणार नाही.” आण्णा ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे दुखरे. सकाळी साडेसहाला पोहोचलो तर खरोखरच होडी पायरीला टेकवून, आडवी फळी टाकून ठेवली होती. बसायच्या जागी गोधडीची घडीही होती.

आता मुद्द्याचं. या होडीला मोटार नाही, वल्ही आहेत. पाण्यावरचे पक्षी पाहायचे तर हा फरक फार मोठा आहे. दोन वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका काठावरून मोटारीच्या होडीनं गेले होते. “जवळून फोटो पाहिजे ना?” असं म्हणत त्या माणसानं होडी सरळ थव्यात घातली. तीन-चारशे तलवार बदकं एकदम उठली, डोक्यावरून गोल फिरली आणि पार पलीकडे जाऊन बसली. आम्ही पुन्हा मागे, ती पुन्हा उठली. फोटो चांगला आला होता. तो मी आजवर कुणाला दाखवलेला नाही. ही बदकं मध्य आशियातून, सैबेरियातून हिमालय ओलांडून येतात. इथे हिवाळाभर खातात ते नुसतं पोट भरायला नाही, मार्चमध्ये परत जायला अंगात चरबी साठवावी लागते. आपण उगाच उठवलेल्या प्रत्येक उड्डाणात ती जळते. हे मी शाळेत मुलांना शिकवते आणि त्या दिवशी मीच त्या होडीत गप्प बसून राहिले होते.

चांगदेवच्या या नावाड्याची पद्धत वेगळी आहे. थव्याच्या बऱ्याच अलीकडे तो वल्हं उचलून धरतो आणि होडीला आपल्या आपण सरकू देतो. नजर बदकांच्या मानांवर. “चरत असली की मान खाली राहते. दोन-चार माना वर झाल्या की थांबायचं. निम्म्या झाल्या की मागं फिरायचं.” एवढंच त्याचं गणित. आण्णा नीट दिसावं म्हणून उठायला लागले तर हळूच म्हणाला, “उभं नका राहू आण्णा, पाहून राहिले ते आपल्याकडे.” अडीच तासांत आमच्यामुळे एकही थवा उठला नाही. म्हणून तर पक्षी आपापली कामं करताना दिसले.

पहिल्यांदा वारकरी दिसले. काळंकुळकुळीत अंग, कपाळावर पांढरा टिळा. मुक्ताईच्या मुलखात या पक्ष्याला वारकरी म्हणताना मला दर वर्षी बरं वाटतं. मग थापटे, फावड्यासारखी चोच पाण्यात घालून एकामागून एक गोल फिरत होते. असं फिरलं की पाणी ढवळून बारीक जीव वर येतात, ते चोचीतल्या जाळीनं गाळून खातात. उथळ पाण्यात शेकाटे, त्यांच्या मागे हळदीकुंकू बदकांची जोडी. ती पाहुणी नव्हेत, बारमाही इथलीच. चक्रवाक आधी ऐकू आले, नंतर दिसले. धुक्यात तो केशरी रंग पाण्यावर निखाऱ्यासारखा वाटतो.

आणि मग पट्टकादंब. पूर्णेच्या बाजूला पाणी ओसरून गाळाची जीभ उघडी पडली होती, तिच्यावर थवा बसला होता. राखी अंग, पांढरं डोकं, मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. आण्णा मालगाडीचे गार्ड होते, उभा जन्म डबे मोजण्यात गेला. त्यांनी दुर्बीण लावली आणि ओठातल्या ओठात मोजायला लागले. ४६. मी ४१ मोजले होते. दुसऱ्यांदा मोजले, ४६च. तिबेट, लडाख, मंगोलियाच्या सरोवरांकाठी अंडी घालणारे हे हंस. हिमालय ओलांडताना ते ७,००० मीटरच्या वर गेल्याची नोंद आहे. तिथली हवा एवढी विरळ की माणूस धाप लागून बसेल. पण यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरून ठेवणारं आहे. हे आण्णांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, “आणि इथे येऊन खातात काय?” उत्तर नावाड्यानं दिलं: रात्री शेतात उतरतात, गहू-हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडतात, दिवसा पाण्यावर येऊन आराम करतात. “शेतकरी बोलतो थोडं. पण चार महिन्यांचे पाहुणे.”

माझी बहीण उरणला असते. तिथे खाडीवर पक्षी पाहायचे तर भरती-ओहोटीची वेळ बघून निघावं लागतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, रोहित (फ्लेमिंगो) आणि तुतारी पक्षी चरायला पांगतात. भरती आली की सगळे उरलेल्या कोरड्या जागेवर गोळा होतात. दिवसातून दोनदा हा खेळ. आमच्याकडे ओहोटी एकच, आणि ती ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत चालते. पाऊस ओसरल्यावर धरण भरून घेतात, मग पाणी शेतीला, गावांना, कारखान्यांना जातं आणि काठ दर आठवड्याला थोडा मागे सरकतो. नवा ओला गाळ उघडा पडतो, त्यातले किडे-अळ्या टिपायला चिखलपक्षी येतात, आणि त्याच गाळात लोक टरबूज-काकडीची गाळपेर करतात. म्हणून हतनूरला गेल्या महिन्यातली जागा या महिन्यात चालत नाही. पाणी आज कुठवर आहे हे ज्याला रोज ठाऊक असतं, त्याच्याच होडीत बसावं. या माणसाचं जाळं रोज त्याच पाण्यात पडतं.

परतताना कैकर, म्हणजे मासे पकडणारा शिकारी पक्षी, दिसला. एका वाळलेल्या बाभळीवर, पायात मासा. मासा उचलून उडताना त्याचं तोंड हा पक्षी कायम पुढच्या दिशेला वळवून धरतो, म्हणजे वारा कमी अडतो. नावाड्यानं तो आमच्या कितीतरी आधी पाहिला होता, पण बोलून दाखवलं नाही. नुसती होडी त्या अंगाला वळवली आणि आण्णांना स्वतः शोधू दिलं.

आता जे खटकलं ते. आम्ही तिघं, तिसरा माझा भाचा, आणि लाइफ जॅकेटं दोनच. त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला होता. पाणी शांत असलं तरी धरणाचं पाणी आहे, खोली कळत नाही. मी हे त्याला स्पष्ट सांगितलं, त्यानं मान्यही केलं, पण पुढच्या वेळेपर्यंत घेईलच असं मी छातीठोक सांगू शकत नाही. दुसरं म्हणजे काठावर बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, ते गावातूनच उरकून निघावं. तिसरी गोष्ट त्याची एकट्याची नाही. पाण्यात सोडून दिलेली तुटकी नायलॉनची जाळी. एका जाळ्यात वारकरी अडकून मेलेला होता. नावाड्यानं होडी थांबवून ते जाळं ओढून काढलं, गुंडाळून पायाशी ठेवलं. वाटेत अशी तीन काढली. त्याबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही नाही. भाचा मात्र घरी येईपर्यंत गप्प होता.

जायचं तर डिसेंबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. महाशिवरात्रीच्या सुमारास चांगदेव-मुक्ताईची यात्रा भरते, तेव्हा संगमावर पक्ष्यांसाठी जाऊ नये, यात्रेसाठी जावं. सकाळी थंडी दहा अंशांच्या आसपास असते आणि पाण्यावर वारा बोचतो, कानटोपी हवीच. कपडे मातकट रंगाचे घाला. ८ बाय ४० च्या आसपासची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरते. त्याहून जास्त ताकदीची हलत्या होडीत स्थिर राहत नाही. एप्रिलमध्येही मी काठावरून एक चक्कर मारते, तेव्हा नदी सुरय हे पाणपक्षी उघड्या पडलेल्या बेटांवर वाळूतच अंडी घालतात. पण तेव्हा होडी नको, बेटावर उतरणं तर मुळीच नको.

होडीतून उतरल्यावर मंदिराच्या ओट्यावर बसून घरून नेलेलं बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्ली. नावाड्यालाही वाढलं. आण्णांनी पाकिटातून ८०० काढले, वर शंभर ठेवले. तो घेईना. शेवटी आण्णा म्हणाले, “जाळी काढल्याचे आहेत,” तेव्हा घेतले.

पाचपैकी चार गुण देते, एक जॅकेटांसाठी राखून ठेवला आहे. ८ फेब्रुवारीचं पुन्हा सांगून ठेवलं आहे. या वेळी जळगावहून तीन जॅकेटं विकत आणली, आमची आम्ही घालून जाऊ आणि येताना त्याच्याच होडीत ठेवून येऊ.