नौपाड्यातील ज्युदो वर्ग : सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

ठाण्यात नौपाडा परिसरात सायंकाळी भरणाऱ्या या वर्गात मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नाव घातले, तेव्हा शिकवलेला डाव खरोखर लागतो का, एवढाच माझा प्रश्न होता. त्याआधी दुसऱ्या एका वर्गात दोन वर्षे घालवून पट्ट्याचे रंग बदलले होते. पण तिथे जोडीदार ठरल्या क्षणी हात पुढे करायचा आणि धरताच आपण होऊन पडायचा.

इथे पहिले तीन आठवडे हनुवटी छातीला टेकवून नुसते पडायलाच शिकवले. पुढे जोडीदाराचा पाय मागून झाडून त्याला पाठीवर पाडण्याचा ओसोतो-गारी हा डाव दीड महिना मला साधेना. मी जीव खाऊन पाय मारत होतो आणि माझ्यापेक्षा बारा किलोंनी हलका असलेला मुलगा तसूभरही हलत नव्हता. सरांनी माझ्या पायांकडे न पाहता हात पाहिले. त्यांनी डाव्या हाताने त्याची बाही कंबरेकडे ओढायला आणि उजव्या हाताने कॉलर मागे रेटायला लावली, त्याचे सारे वजन उजव्या टाचेवर जाऊन पायाची बोटे मॅटवरून उचलली गेली, तेव्हा ते म्हणाले, "आता मारा." मागून पाय झाडताच तो चीत झाला. तोल मोडणे म्हणजे कुझुशी, स्वतःची जागा घेणे म्हणजे त्सुकुरी आणि प्रत्यक्ष फेक म्हणजे काके. माझी सुरुवातच शेवटच्या पायरीपासून होत होती.

निम्मा वेळ रांदोरीला, म्हणजे मोकळ्या लढतीला दिला जातो, ही या वर्गाची सर्वांत जमेची बाजू. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोडोकान हे ज्युदोचे विद्यालय स्थापन केले आणि जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतील घातक प्रकार कातापुरते, म्हणजे आधी ठरलेल्या हालचालींच्या सरावापुरते ठेवून लढतीतून वगळले. त्यामुळेच विरोध करणाऱ्या माणसावर उरलेले डाव रोज पूर्ण ताकदीने घोटता येतात.

उणिवाही आहेत. सभागृहात हवा खेळत नाही आणि मॅटच्या सांध्यात बोट अडकते. शिवाय ज्युदोगीवरची, म्हणजे ज्युदोच्या जाड गणवेशावरची पकड टी-शर्टवर तशी बसत नाही, आणि ठाण्याच्या उकाड्यात जाड कोट घालून अंगावर कोण येणार? विचारल्यावर सरांनी मनगट आणि मानेमागची पकड दाखवली, परंतु तिचा नियमित सराव होत नाही.

पुढच्या तिमाहीचे शुल्क मी भरले आहे. गुडघ्याचे जुने दुखणे असलेल्यांनी मात्र आधी एक दिवस कडेला बसून रांदोरी पाहावी.