पेट्रोल स्विफ्टला डिझेल स्विफ्टचे पुढचे शॉकअप: अकरा महिन्यांनंतर

आमचं घर देवगडात डांबरी रस्त्याला लागून आहे, पण आंब्याची कलमं सव्वा किलोमीटर आत, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावर. तिथवर जांभ्याची वाट. पावसाने चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा तसाच राहतो. गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट. कागदावर ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, पण ९० हजार किलोमीटर झाल्यावर पुढून गाडी बसली होती आणि दर फेरीला इंजिनखालचं कव्हर दगडाला घासायचं.

आधी स्वस्तातला उपाय केला. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मिळतात, ते घातले. गाडी उचलली गेली खरी, पण जिथे रबर बसतं ते वेढे हलायचे थांबतात आणि सगळा भार उरलेल्या वेढ्यांवर जातो. पावसाळा संपल्यावर रबर काढून बघितलं तर आत लाल चिखलाचा घट्ट थर होता. बोटाने खरवडला तसा त्याच्याबरोबर स्प्रिंगचा रंगही पापुद्र्यासारखा सुटला आणि खाली गंजाचे खड्डे दिसले. खाऱ्या वाऱ्याच्या गावात स्प्रिंगला ओल धरून ठेवणारी वस्तू लावायचीच नाही, हे तेव्हा पक्कं झालं.

मग डिझेल स्विफ्टच्या पुढच्या स्प्रिंगांचा विचार आला. पेट्रोलचं इंजिन ११९७ सीसी, डिझेलचं १२४८. आकडे जवळचे वाटतात, पण डिझेलचं इंजिन बरंच जड असतं आणि पुढची स्प्रिंग त्याच वजनाच्या हिशेबाने बनवलेली असते. तीच हलक्या गाडीला लावली की कमी दबते, गाडी उंच राहते. इथे तारेच्या जाडीला फार महत्त्व आहे. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी मापं तीच ठेवून १२ मिमीच्या जागी १३ मिमीची तार आली, तर स्प्रिंग जवळजवळ ३८ टक्के ताठर होते. नुसत्या डोळ्यांना हा एक मिलिमीटर दिसतही नाही. म्हणून व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) घेऊनच खरेदीला जा.

मी फक्त स्प्रिंगा आणणार होतो. मेस्त्रींनी अडवलं. म्हणाले, "निसती स्प्रिंग घालून भागाचा नाय, शॉकअप पण त्याचोच होयो." त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. दबलेली स्प्रिंग परत उसळते तेव्हा तिला आवरायचं काम शॉकअपचं. ताठर स्प्रिंगला मऊ किंवा थकलेला शॉकअप दिला तर प्रत्येक खड्ड्यानंतर बोनेट दोन-तीनदा डोलतं आणि ओल्या रस्त्यावर चाकाची पकड सुटते. म्हणून शॉकअप, स्प्रिंग आणि बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारं रबर) एकाच गाडीचे घ्यायचं ठरवलं. वरचं माउंटिंग आणि बेअरिंग मात्र नवीन.

जुने सुटे भाग विकणाऱ्याने मला "एकाच गाडीची जोडी" म्हणून जे दिलं ते एका गाडीचं नव्हतं. घरी फरशीवर दोन्ही स्प्रिंगा शेजारी उभ्या केल्या तर एक ८ मिमी बुटकी. दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला, पैसे गेले. शेवटी दोन्ही स्प्रिंगा नव्या घेतल्या. तुम्ही निदान दुकानातच त्या उभ्या करून बघा. डावा-उजवा शॉकअपही तपासा, ब्रेकच्या होजपाईपची पट्टी दोन्हींवर उलट बाजूला असते. माझ्या गाडीला बोल्ट जसेच्या तसे बसले, तरी तुमच्या सालाच्या गाडीवर मापं जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि स्प्रिंग दाबायचं काम घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग शिकंज्यातून सुटली तर माणूस जायबंदी होतो.

बसवताना आमच्याकडून एक चूक झाली. लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुशवाले, म्हणजे रबरी सांध्यातले, बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उतरवून मग आवळायला हवे होते. आम्ही जुन्याच स्थितीत राहू दिले. उंची बदलली की बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं. गणपतीत स्टिअरिंग वळवलं की खालून कुरकुर सुरू झाली, उघडलं तर डावा बुश अर्धा फाटलेला. नवा घातला, या वेळी चाकांवर उभी करून आवळला, आवाज बंद.

आता अकरा महिने आणि १४ हजार किलोमीटर झाले. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सुरुवातीला २२ मिमी उंची वाढली होती, स्प्रिंग बसून आता १७ उरली आहे. सड्यावरच्या वाटेवर एवढी पुरते, पूर्ण पावसाळ्यात खालून दोनदाच घासलं. तळेरे-वैभववाडीवरून गगनबावड्याचा घाट चढताना वळणावर गाडी कमी कलते, ब्रेक दाबला की नाक पूर्वीसारखं खाली जात नाही. घाटात हा फरक मला मनापासून आवडला.

पण एकटा असलो की बारीक खडबड थेट मनगटात येते. आईला पुढे बसवून दवाखान्यात नेतो तेव्हा ती कंबर धरते, याचं मला वाईट वाटतं. पुढचं टोक ताठर आणि मागचं मऊ असल्याने भर पावसात जोरात वळवलं तर पुढची चाकं वळणाबाहेर ओढतात, तिथे वेग आधीच कमी करावा लागतो. अलाइनमेंट लगेच करून घ्या. माझा टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते माप) इतका बिघडला होता की तीन आठवड्यांत टायरची आतली कड गुळगुळीत झाली. हेडलाइटही खाली घ्यावे लागले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर जातात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. मी विमा कंपनीला आधी लेखी कळवलं, तुम्हीही कळवा.

सध्या हंगाम आहे. पाच डझनाच्या आठ पेट्या मागे भरल्या की मागची बाजू बसते आणि नाक वर जातं. पुढचं काम झालं, पण मागचे शॉकअप अजून मूळचेच आहेत आणि उजव्याला तेल सुटलंय. शेवटची तोड झाली की ते बदलणार. मागे मात्र पेट्रोल स्विफ्टच्याच मापाचे, नवीन.