अगेव्ह इस्थमेन्सिस: रोप झकास, माती बेकार

हे घायपाताच्या जातीतलं काटेरी रोप सॅन होजेतल्या एका नर्सरीतून ४ इंची कुंडीतलं घेतलं. रोप एक नंबर, निळसर राखाडी पानं, कडेला लालसर काटे, आणि पूर्ण वाढलं तरी साधारण फूटभरच होतं त्यामुळे छोट्या गार्डनला बरं पडतं. पण माती नुसती कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाणी घातलं की ओली ती ओलीच, मी सरळ झटकून टाकली आणि अर्धा प्यूमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी खडा) घालून परत लावलं. दुकानदार म्हणे बाहेर बिनधास्त ठेवा, अहो हे मेक्सिकोतल्या तेवांतेपेकच्या उबदार पट्ट्यातलं झाड, फ्रॉस्ट (गोठवणारं दव) लागला की पानं काळी पडून लिबलिबीत होतात! थंडीत कुंडी भिंतीलगत छपराखाली, पाणी जवळपास बंद, पारा शून्याकडे निघाला की रात्री घरात. पोरं असतील तर काट्यांची टोकं नेलकटरने उडवा. किंमत मात्र जरा जास्तच लावली.